सदोष खिडक्या आणि ग्राहकाची दाद

मृगाचा पहिला पाऊस मुंबईच्या उपनगरांत बरसू लागला की घराघरांतील कामाची खरी परीक्षा सुरू होते. एप्रिल-मे महिन्यांत बसविलेली नवी खिडकी दिसावयास देखणी असते. झडपा सहज सरकतात, तावदाने लखलखीत असतात आणि पैसे चुकते करून कुटुंब निश्चिंत झालेले असते. जून महिन्यात वाऱ्यासह झड येते आणि खिडकीच्या खालच्या पट्टीतून पाण्याची बारीक रेघ भिंतीवर उतरू लागते. आठ दिवसांत रंगाचे पोपडे सुटतात, महिन्याभरात बुरशीचा वास येऊ लागतो आणि भिंतीतील विजेच्या बटणाला हात लावावयास घरातील माणसे कचरू लागतात.

येथून पुढची हकिकत अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील अनेक कुटुंबांच्या परिचयाची आहे. कारागीर म्हणतो, भिंतच गळते आहे. गृहनिर्माण संस्थेचे पदाधिकारी म्हणतात, खिडकी सभासदाने बदलली, तेव्हा गळती त्यानेच पाहावी. विक्रेता म्हणतो, माल उत्तम होता, बसविणाऱ्याने घोटाळा केला. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवितो आणि पावसाळा सरतो. भिंत सुकली की तक्रारही सुकते. पुढील वर्षी तीच खिडकी पुन्हा गळते. परंतु तोपर्यंत पावती हरवलेली असते आणि कारागिराचा दूरध्वनी बदललेला असतो.

अशा प्रसंगी दाद मागण्यासाठी कायद्याने पुरेशी व्यवस्था केलेली आहे. मात्र तिचा लाभ मिळण्यासाठी दोन गोष्टी आवश्यक ठरतात. पाणी नेमके कोठून येते हे निश्चित करणे ही पहिली गोष्ट, आणि ते वेळीच कागदावर आणणे ही दुसरी. या दोन गोष्टी साधल्या तर सामान्य ग्राहकही वकिलाच्या साहाय्यावाचून आपली तक्रार तडीस नेऊ शकतो.

उपनगरातील घर आणि पाऊस

मुंबई उपनगर जिल्हा १९९० साली अस्तित्वात आला. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे त्याचे तीन तालुके असून मुलुंड व घाटकोपर ही ठिकाणे कुर्ला तालुक्यात मोडतात. सांताक्रूझ येथील वेधशाळेच्या नोंदीप्रमाणे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत या भागात सरासरीने सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी तर याच वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली.

खिडकीच्या दृष्टीने मात्र पावसाच्या प्रमाणाइतकेच वाऱ्यालाही महत्त्व आहे. सरळ पडणारा पाऊस छज्जा अडवितो. वाऱ्याने तिरका झालेला पाऊस थेट तावदानावर आपटतो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा कुलाबा येथे ताशी ११४ किलोमीटर वेगाचा झोत नोंदला गेला. इमारतीवरील वाऱ्याच्या भाराविषयीचे जे भारतीय मानक आहे (आयएस ८७५, भाग ३), त्यात मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरण्यात आला आहे. पंधराव्या मजल्यावरील पश्चिमाभिमुख खिडकी आणि बैठ्या घराची खिडकी यांना एकच मोजमाप लावता येत नाही, ते यामुळेच. सैल बसविलेले तावदान अशा वाऱ्यात खाली कोसळले तर रस्त्यावरून जाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून सदोष खिडकी हा प्रश्न केवळ एका कुटुंबाच्या गैरसोयीचा नाही. तो सार्वजनिक सुरक्षिततेचाही आहे.

दोष कोठे असतो?

उपनगरांतील बहुसंख्य इमारतींत अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आढळतात. अलीकडे यूपीव्हीसी या प्लास्टिकसदृश पदार्थाच्या चौकटीही वापरात आल्या आहेत. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत थोडे पाणी साचणे हा दोष नव्हे. तिची रचनाच तशी असते. हे पाणी बाहेर जावे म्हणून पट्टीच्या बाहेरील अंगास लहान छिद्रे ठेवलेली असतात. ही छिद्रे पाडलीच नाहीत, अथवा सिमेंट वा सिलिकॉनने बुजली, तर पाणी चढत जाऊन आतील बाजूने घरात उतरते.

दुसरा दोष चौकट व भिंत यांच्या सांध्यात असतो. चौकट आणि चिरेबंदी वा विटांची भिंत यांमधील फट योग्य रीतीने भरून, पृष्ठभाग कोरडा व धूळविरहित करून मग त्यावर सिलिकॉनचा थर द्यावा लागतो. धुळीवर वा ओलीवर दिलेले सिलिकॉन भिंतीला धरत नाही. ते पहिल्याच पावसाळ्यात सालीसारखे सुटते.

तिसरा दोष उतारात असतो. खिडकीखालच्या ग्रॅनाइटच्या किंवा कडाप्प्याच्या पट्टीचा उतार बाहेरच्या बाजूस असला पाहिजे. तो आतल्या बाजूस राहिला तर उत्तमातील उत्तम खिडकीही पाणी थोपवू शकत नाही. चौथा दोष चौकटीच्या बसणीत असतो. पाणसळ व ओळंबा न लावता बसविलेली चौकट तिरकी राहते. झडपा पूर्ण मिटत नाहीत, कडी लागत नाही आणि फटीतून वारा शिट्टी घालतो. स्क्रू अपुरे असतील वा पोकळ प्लास्टरमध्येच बसविले असतील तर चौकट हाताने हलते. हा दोष धोक्याचा असून त्याची दखल तत्काळ घ्यावयास हवी.

पाण्याची वाट शोधण्यासाठी एक साधी चाचणी करता येते. पाऊस नसलेल्या दिवशी नळीने खिडकीवर बाहेरून पाणी सोडावे. प्रथम खालच्या पट्टीखाली, मग पट्टीवर, त्यानंतर बाजूच्या सांध्यांवर आणि शेवटी वरच्या सांध्यावर, असे खालून वर जावे. प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटे थांबावे आणि दुसऱ्या व्यक्तीने आतून पाहावे. ज्या टप्प्यावर ओल दिसू लागेल तेथे दोष आहे असे समजावे. उंच मजल्यावर मात्र बाहेर वाकून हा प्रयोग कदापि करू नये. तेथे जाणकार माणसाचेच साहाय्य घ्यावे.

जबाबदारी कोणाची?

दोषाचे स्थान समजले की जबाबदारी ठरविणे सोपे जाते. सांधा, उतार, बसण किंवा बुजलेली छिद्रे यांत दोष असल्यास खिडकी बसविणारा ठेकेदार त्यास जबाबदार असतो. कुलूप, चाके, रबर वा तावदान मुळातच निकृष्ट असल्यास विक्रेता व उत्पादक यांच्याकडेही दाद मागता येते. माल आणि मजुरी दोन्ही एकाच ठेकेदाराने दिली असेल, तर "माल कारखान्याचा आहे" एवढ्या उत्तराने त्याची सुटका होत नाही.

पाणी बाहेरील भिंतीच्या तड्यातून येत असल्यास प्रश्न निराळा ठरतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्यामुळे होणारी गळती दुरुस्त करणे हे संस्थेचे काम असून त्याचा खर्च संस्थेने करावयाचा असतो. यास्तव सभासदाने संस्थेच्या सचिवांकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी आणि संयुक्त पाहणीची मागणी करावी. सभासदाने संस्थेची परवानगी न घेता भोक मोठे केले असेल किंवा छज्जा तोडला असेल, तर मात्र त्याची बाजू दुबळी होते. म्हणून खिडकी बदलण्यापूर्वी संस्थेची लेखी परवानगी घेणे हितावह होय.

कायद्याची वाटचाल

पूर्वी अशा तक्रारीसाठी १८७२ चा करार कायदा आणि १९३० चा मालविक्री कायदा यांच्या आधारे दिवाणी न्यायालयात जावे लागे. चार खिडक्यांसाठी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजविणे मध्यमवर्गीय कुटुंबास परवडणारे नव्हते. ग्राहकांना संघटित करण्याच्या प्रयत्नांत मुंबई शहराचा वाटा मोठा आहे. १९६६ साली नऊ महिलांनी पुढाकार घेऊन येथे 'कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था स्थापन केली. त्यानंतर बिंदुमाधव जोशी यांच्या प्रेरणेने ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू झाले.

२४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. हाच दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. १९९३ च्या दुरुस्तीने घरबांधणीचा समावेश 'सेवा' या संज्ञेत स्पष्टपणे करण्यात आला. त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घर बांधून देणे ही सेवाच होय आणि त्यातील उणिवेबद्दल ग्राहकास भरपाई मागता येते, असा निर्वाळा दिला. १९८६ च्या कायद्याची जागा आता २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने घेतली असून तो जुलै २०२० पासून अंमलात आहे.

या कायद्यात मालातील 'दोष' आणि सेवेतील 'त्रुटी' अशा दोन संज्ञा आहेत. तावदानाला मुळात तडा असणे हा दोष. चौकट तिरकी बसविणे ही त्रुटी. तक्रारीत दोन्हींचा स्वतंत्र उल्लेख करणे योग्य ठरते. पूर्ण रक्कम दिलेली नसली तरी, काही रक्कम देऊन उरलेली देण्याचे कबूल केलेली व्यक्तीही ग्राहकच असते. मात्र व्यापारी कारणासाठी घेतलेला माल अथवा सेवा, तसेच विनामूल्य मिळालेली सेवा यांस हा कायदा लागू होत नाही.

काम देण्यापूर्वीची दक्षता

दाद मागण्याची तयारी दोष दिसल्यावर नव्हे, तर काम देतानाच करावयाची असते. खिडकीचे काम बहुधा तोंडी ठरते; मापे भिंतीवर पेन्सिलीने लिहिली जातात आणि आगाऊ रक्कम हातावर ठेवली जाते. तोंडी करारही कायद्याने करारच असतो. परंतु तो सिद्ध करणे कठीण जाते. एका कागदावरील लेखी दरपत्रकाने ही अडचण दूर होते.

या दरपत्रकात खिडक्यांची संख्या व मापे, चौकटीचा प्रकार व जाडी, काचेची जाडी व जात, जाळी व गज यांचा तपशील, दर, एकूण रक्कम आणि काम पूर्ण करण्याचा दिनांक नमूद असावा. सांधे भरणे, ग्रॅनाइटची पट्टी बसविणे आणि जुनी चौकट काढल्यावर होणारी गवंड्याची दुरुस्ती कोणाकडे, हे विशेषकरून लिहावे. कारण पुढील वाद बहुधा याच मुद्द्यावर उद्भवतात. किती काळापर्यंतची गळती विनामूल्य दुरुस्त केली जाईल, याचाही उल्लेख असावा. त्या मुदतीत निदान एक पूर्ण पावसाळा आला पाहिजे. मे महिन्यात बसविलेल्या खिडकीची सहा महिन्यांची हमी उपयोगी पडते. ऑक्टोबरात बसविलेल्या खिडकीची तीच हमी एकही सर न पाहता संपते.

ठेकेदाराचे पूर्ण नाव, व्यवसायाचा पत्ता आणि असल्यास जीएसटी क्रमांक टिपून ठेवावा. आयोगाची नोटीस पत्त्यावरच जाते. पत्ता सापडला नाही तर खरी तक्रारही अडून राहते. रक्कम शक्यतो धनादेशाने वा बँकेमार्फत द्यावी आणि प्रत्येक हप्त्याची पावती घ्यावी. शेवटचा हप्ता पाण्याची चाचणी झाल्यावर देण्याचे आधीच ठरवून घेतल्यास उभयपक्षी गैरसमज राहत नाही.

दोष आढळल्यावर

गळती दिसताच दिनांकासह छायाचित्रे घ्यावीत. ओल किती पसरली हे कळण्यासाठी चित्रात मोजपट्टी धरावी. पाणी आत येत असतानाचे चलच्चित्र हा सर्वांत बोलका पुरावा होय; तो ज्या भ्रमणध्वनीवर टिपला तो उपकरणासह जपून ठेवावा. ठेकेदाराशी झालेले संदेश पुसू नयेत.

त्यानंतर ठेकेदारास लेखी कळवावे. पत्राची भाषा संयमी असावी. काम केव्हा झाले, किती रक्कम दिली, कोणत्या खिडकीत कोणता दोष कोणत्या दिनांकास आढळला, किती दिवसांत तो दुरुस्त व्हावा आणि तसे न झाल्यास कोठे दाद मागितली जाईल, एवढे पाच मुद्दे पुरेसे आहेत. पत्र पोचदेय टपालाने पाठवून त्याची प्रत व पावती ठेवावी. तक्रारीपूर्वी अशी नोटीस दिलीच पाहिजे असे कायद्याचे बंधन नाही; तथापि ग्राहकाने दुरुस्तीची वाजवी संधी दिली होती, हे त्यावरून सिद्ध होते. ठेकेदार दुरुस्तीस आल्यास त्यास अटकाव करू नये. त्याने केलेल्या दुरुस्तीचीही दिनांकासह नोंद ठेवावी.

ठेकेदार दाद देत नसेल आणि नुकसान वाढत असेल, तर ग्राहकाने हातावर हात ठेवून बसू नये. टाळता येण्याजोगे नुकसान टाळणे हे नुकसानीची भरपाई मागणाऱ्याचे कर्तव्य मानले जाते. प्रथम त्रयस्थ अभियंत्याकडून किंवा अनुभवी कारागिराकडून पाहणी करून दोषाचे स्थान, कारण व दुरुस्तीचा अंदाजित खर्च असलेला लेखी अहवाल घ्यावा आणि मगच दुसऱ्याकडून काम करून घ्यावे. अहवाल न घेता खिडकी उखडून टाकली तर पुराव्याचाच नाश होतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, बोरिवलीतील एका कुटुंबाने चार खिडक्या १,२०,००० रुपयांस ठरविल्या आणि त्यांपैकी १,००,००० रुपये दिले. दोन खिडक्या गळू लागल्या. पाहणीत दुरुस्तीचा खर्च ३०,००० रुपये निघाला आणि भिंतीच्या रंगकामास १२,००० रुपये लागले. अशा वेळी दुरुस्ती व रंगकाम यांचे ४२,००० रुपये, पाहणीचे शुल्क आणि मनस्तापाबद्दल वाजवी रक्कम अशी मागणी करता येईल. त्याचबरोबर न दिलेल्या २०,००० रुपयांचा उल्लेखही प्रामाणिकपणे करावयास हवा. दोन सुस्थितीतील खिडक्यांसह सर्व रक्कम परत मागणे, किंवा लाखाच्या कामासाठी दहा लाखांची भरपाई मागणे, यामुळे खऱ्या तक्रारीचाही विश्वास उणावतो.

आयोगाकडे तक्रार

पत्रव्यवहाराने काम न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. ही यंत्रणा व्यावसायिकाशी संपर्क साधून तडजोडीचा प्रयत्न करते. आदेश देण्याचा अधिकार मात्र तिला नाही. तो अधिकार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा आहे. मुंबई उपनगर जिल्ह्यासाठी असा स्वतंत्र आयोग आहे.

२०१९ च्या कायद्याची एक तरतूद विशेष महत्त्वाची आहे. ग्राहक जेथे राहतो अथवा उपजीविकेसाठी काम करतो, तेथील आयोगाकडेही आता तक्रार करता येते. ठेकेदाराचे दुकान ठाण्यात वा वसईत असले तरी मुलुंडच्या ग्राहकास तेथे हेलपाटे घालावे लागत नाहीत. माल वा सेवा यांसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे करावयाची असते. ही रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर कोणतेही शुल्क द्यावे लागत नाही. घरगुती खिडक्यांचे बहुतेक काम या मर्यादेत बसते.

तक्रार ग्राहकास स्वतः मांडता येते. वकील नेमणे सक्तीचे नाही. तक्रारीस घटनाक्रम, दरपत्रक, पावत्या, छायाचित्रे, पत्रव्यवहार, पाहणीचा अहवाल आणि प्रतिज्ञापत्र जोडावे. 'ई-जागृती' या संकेतस्थळावरून ती घरबसल्याही दाखल करता येते. विरुद्ध पक्षास उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असून ती फार तर १५ दिवसांनी वाढविता येते. त्यापलीकडे मुदत वाढविता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली स्पष्ट केले आहे. दोन्ही पक्षांची संमती असल्यास प्रकरण मध्यस्थीकडे पाठविले जाते. खिडकीच्या तक्रारीत हा मार्ग पुष्कळदा सोयीचा ठरतो. कारण ग्राहकास निकालपत्रापेक्षा न गळणारी खिडकी हवी असते.

मालाच्या तपासणीची गरज नसल्यास तीन महिन्यांत आणि गरज असल्यास पाच महिन्यांत निर्णय व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात याहून अधिक काळ लागू शकतो, हे तक्रारदाराने ध्यानी ठेवावे. दोष दूर करणे, माल बदलून देणे, रक्कम व्याजासह परत करणे, नुकसानभरपाई आणि तक्रारीचा खर्च देणे असे आदेश आयोग देऊ शकतो. निर्णय मान्य नसल्यास ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. रक्कम देण्याचा आदेश ज्याच्याविरुद्ध झाला असेल त्यास अपिलापूर्वी निम्मी रक्कम भरावी लागते. आदेश न पाळणाऱ्यास एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा २५,००० ते १ लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

दोन वर्षांची मर्यादा

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल केली पाहिजे. "पुढच्या पावसाळ्यात पाहू" असे म्हणता म्हणता ही मुदत सरते. या संदर्भात मुंबईतील एक प्रकरण उल्लेखनीय आहे. समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्था विरुद्ध मुंबई महालक्ष्मी कन्स्ट्रक्शन या प्रकरणात विकासकाने भोगवटा प्रमाणपत्र मिळविले नव्हते, आणि त्यामुळे रहिवाशांना अधिक दराने मालमत्ता कर व पाणीपट्टी भरावी लागत होती. राष्ट्रीय आयोगाने मुदतीच्या कारणास्तव तक्रार फेटाळली होती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये, प्रमाणपत्र न मिळविणे ही सतत चालू राहणारी चूक आहे, असे ठरवून संस्थेच्या तक्रारीचा मार्ग मोकळा केला.

या निर्णयाने संस्थांना मोठा दिलासा मिळाला. तथापि तेथे विकासकाचे कायदेशीर कर्तव्यच अपुरे राहिले होते. एकदा बसवून झालेल्या सदोष खिडकीस तोच नियम लागू होईल, असे गृहीत धरणे धोक्याचे होय. दर पावसाळ्यात खिडकी गळते म्हणून दर पावसाळ्यास मुदत नव्याने सुरू होते, या समजुतीवर विसंबू नये.

नवी सदनिका आणि महारेरा

खिडकी विकासकाने दिलेल्या नव्या सदनिकेतील असेल तर आणखी एक मार्ग उपलब्ध आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) कायदा, २०१६ च्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या रचनेतील, कारागिरीतील वा दर्जातील दोष निदर्शनास आणल्यास विकासकाने तो ३० दिवसांच्या आत विनामूल्य दूर केला पाहिजे. तसे न केल्यास खरेदीदार भरपाईस पात्र ठरतो. महाराष्ट्रात १९६३ च्या सदनिकाविषयक कायद्यातही दोषनिवारणाची तरतूद होती. तिची मुदत मात्र याहून कमी होती.

ही तक्रार 'महारेरा' या प्राधिकरणाकडे करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केल्याप्रमाणे या कायद्यामुळे ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही. आपल्या गरजेनुसार योग्य मार्ग कोणता, हे खरेदीदाराने प्रथम ठरवावे. उपनगरांत सध्या अनेक जुन्या इमारतींचा पुनर्विकास होत आहे. त्यातील जुन्या सभासदांनी संस्था व विकासक यांच्यातील करारनाम्यात दोषनिवारणाची मुदत व खिडक्यांचा तपशील आहे की नाही, हे सही करण्यापूर्वीच पाहून घ्यावे. ताबा घेताना प्रत्येक खिडकी उघडून-मिटून पाहावी आणि आढळलेले दोष ताबापत्रावरच नोंदवावेत.

जाणिवेची आवश्यकता

हा प्रश्न केवळ मुंबईच्या उपनगरांपुरता नाही. घरकुलाची खिडकी असो, शाळेच्या वर्गाचा दरवाजा असो वा कोकणातील घराचे नवे पत्र्याचे छप्पर असो, सदोष कामाची तऱ्हा सर्वत्र सारखीच असते. ग्राहकाच्या हक्काची व्यवस्थाही सर्व जिल्ह्यांत आहे. कायदेशीर मदतीची गरज असलेल्या महिलांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत विनामूल्य साहाय्य मिळू शकते. ही माहिती ग्रामसभेत सांगितली गेली, शाळेत मुलांकडून एखादे दरपत्रक आणि तक्रारपत्र लिहून घेतले गेले, तर तिचा उपयोग घरोघरी होईल. पालकांना जे सुचले नाही ते पुष्कळदा मुलांच्या वहीतून घरात पोचते.

चांगल्या कारागिराचेही यात हितच आहे. जो पाणसळ लावून चौकट बसवितो, सांधा स्वच्छ करून भरतो आणि पाणी सोडून दाखवितो, त्याला लेखी दरपत्रकाची भीती नसते. उलट तेच दरपत्रक त्याच्या उरलेल्या रकमेचेही रक्षण करते. तोंडी व्यवहारात हलगर्जी माणूस निसटतो आणि प्रामाणिक माणसावर अकारण संशय येतो.

घराची खिडकी उजेड व वारा आत घेण्यासाठी आणि पाऊस बाहेर ठेवण्यासाठी असते. एवढे साधे काम तिने करावे, ही ग्राहकाची अपेक्षा वाजवी आहे आणि कायदा तिच्या पाठीशी उभा आहे. मात्र कायद्यापुढे ओली भिंत स्वतः बोलत नाही. तिच्या वतीने दिनांक घातलेला कागदच बोलतो. तो कागद पावसाळ्यापूर्वी तयार असावा आणि पाऊस सुरू असतानाच त्यात भर पडावी, एवढी दक्षता प्रत्येक कुटुंबाने घेतल्यास भिंत सुकली तरी तक्रार सुकणार नाही.